रेडिओवरून आलेले प्रोग्रॅम आणि घरी जोडलेला संगणक: युगोस्लाव्हियाच्या ‘गालाक्सिया’ची कथा

१/
१९८० च्या दशकातील बेलग्रेड. ‘रेडिओ बेलग्रेड २०२’ या केंद्रावर झोरान मोडली यांचा ‘व्हेंटिलेटर २०२’ हा कार्यक्रम सुरू आहे. मोडली श्रोत्यांना कॅसेट रेकॉर्डर तयार ठेवण्याची सूचना देतात. पुढच्याच क्षणी संगीत थांबते आणि कानाला बोचणारी, सलग किरकिर सुरू होते. हा बिघाड नसतो. आकाशवाणीच्या लहरींवरून संगणकाचा प्रोग्रॅम प्रक्षेपित होत असतो. ती किरकिर कॅसेटवर टिपून घेणाऱ्या अनेकांनी आपला संगणकही स्वतःच्याच हातांनी जोडलेला असतो.

२/
हे घडण्यामागे एक टंचाई होती. मे १९८० मध्ये टिटो यांचे निधन झाले आणि युगोस्लाव्हिया परकीय कर्जाच्या विळख्यात सापडला. परकीय चलन वाचवण्यासाठी शासनाने आयातीवर कठोर निर्बंध घातले. १९८२ मध्ये तर परदेश प्रवासाला निघणाऱ्या नागरिकाकडून अनामत रक्कम घेण्यास सुरुवात झाली. परदेशातून आणावयाच्या वस्तूचे मूल्य ५० जर्मन मार्कांपलीकडे जाता कामा नये, असा दंडक होता.

३/
त्या काळी ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ आणि अमेरिकेत ‘कमोडोर ६४’ घराघरांत पोहोचत होते. ५० मार्कांत यांपैकी एकही येणे शक्य नव्हते. काहीजण पश्चिम जर्मनीतून किंवा इटलीतून संगणक सामानात लपवून आणत. ज्यांचे परदेशात कोणी नव्हते, त्यांच्यासाठी मात्र संगणक ही केवळ मासिकातील छायाचित्रात पाहण्याची वस्तू होती.

४/
१९८३ च्या उन्हाळ्यात व्होया आंतोनिच हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरील रिसान या गावी सुट्टीसाठी गेले होते. सोबत वाचायला आरसीए कंपनीच्या एका प्रोसेसरची माहितीपुस्तिका होती. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी वेगळी, महागडी चिप न वापरता ते काम प्रोसेसरकडूनच करून घेण्याची कल्पना त्यांना तीत आढळली. हेच काम स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या ‘झेड-८०’ प्रोसेसरकडून करून घेता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

५/
उत्तर झेड-८० च्या एका सवयीत दडलेले होते. त्या काळची ‘डायनॅमिक’ स्मृती विसराळू असे. तिला वारंवार उजाळा द्यावा लागे, अन्यथा तिच्यातील मजकूर पुसला जाई. म्हणून झेड-८० प्रत्येक आज्ञा वाचून झाल्यावर, तिचा अर्थ लावता लावता, स्मृतीतील पुढचा पत्ता आपोआप पुकारत असे. शाळेत हजेरी घ्यावी तसा हा प्रकार होता: एकामागून एक क्रमांक, न थकता.

६/
आंतोनिच यांनी आपल्या यंत्रात ‘स्टॅटिक’ स्मृती वापरली. तिला अशा उजाळ्याची गरजच नसते. म्हणजे प्रोसेसरची ती हजेरी आता बिनकामाची ठरली होती. आंतोनिच यांनी तिच्याकडून दुसरेच काम करून घेतले. पुकारल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्त्यावर पडद्यावरील एकेक अक्षर ठेवले, की हजेरी घेता घेता अक्षरे क्रमाने बाहेर पडतात आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटतात. एक आख्खी चिप वाचली आणि तिच्यासोबत तिची किंमतही.

७/
या युक्तीची किंमत अर्थातच मोजावी लागली. पडद्यावर चित्र रेखाटले जात असताना प्रोसेसर त्यातच गुंतलेला असे. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम उरलेल्या वेळेत चाले आणि म्हणून मंद चाले. पण ज्याच्याकडे संगणकच नव्हता, त्याला मंद संगणकाचे दुःख नव्हते.

८/
यंत्राची मोजमापे आज वाचली तर विश्वास बसत नाही. वापरकर्त्याची स्मृती २ किलोबाइट, मुख्य फळीवर फार तर ६ पर्यंत वाढणारी. पडद्यावर ३२ अक्षरांच्या १६ ओळी. त्या ५१२ अक्षरांची जागाही याच स्मृतीतून काढावी लागे. चित्रे काढायची तर ६४ बाय ४८ ठोकळे. यंत्राची सारी जाण, म्हणजे बेसिक भाषा, कळफलक वाचणे, कॅसेट हाताळणे आणि चित्र उमटवणे, ४ किलोबाइटच्या एका रॉममध्ये बसवलेली होती. संख्यांसाठी २६ चलपदे होती, मजकुरासाठी मात्र दोनच. तरीही च, ज, श यांसारख्या ध्वनींसाठी स्थानिक लिपीत लागणारी चिन्हांकित अक्षरे वगळलेली नव्हती.

९/
त्या ४ किलोबाइटमागे आणखी एक इतिहास आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक खुले पत्र लिहिले. आपण लिहिलेले बेसिक लोक पैसे न देता एकमेकांना वाटतात, ही चोरी आहे, असा त्यांचा आरोप होता. हौशी मंडळींच्या वर्तुळात मात्र त्याआधीच ‘टायनी बेसिक’ ही लहानशी भाषा कोणालाही घेता यावी म्हणून खुलेपणाने घडत होती.

१०/
त्याच वर्षी मे महिन्यात ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये ली-चेन वांग यांचे ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ प्रसिद्ध झाले. सर्व हक्क राखीव असल्याच्या नेहमीच्या घोषणेऐवजी त्याच्या शिरोभागी तिची थट्टा करणारी ओळ होती. यात चुका दाखवणारे संदेश तीनच होते: आज्ञा कळली नाही तर ‘व्हॉट?’, कळली पण करता येईना तर ‘हाउ?’, आणि स्मृती अपुरी पडली तर ‘सॉरी’.

११/
पुढे टँडी कंपनीने याच संहितेच्या आधारे आपल्या १९७७ च्या ‘टीआरएस-८०’ संगणकाचे पहिले बेसिक घडवले. आंतोनिच यांनी आपल्या रॉमसाठी त्यातील काही भाग घेतला. ते मायक्रोसॉफ्टचे असावे, असा त्यांचा समज होता. त्यांनी त्यात इतके फेरफार केले की मूळचे फारसे काही उरले नाही. पण ‘व्हॉट?’, ‘हाउ?’ आणि ‘सॉरी’ हे तीन शब्द तसेच राहिले. कॅलिफोर्नियात मुक्तपणे वाटलेली गोष्ट एका कंपनीच्या बंद पेटीतून फिरून, कोणाचीही परवानगी न घेता, बेलग्रेडला पोहोचली. यात कोणाचे कोणी काय चोरले, याचा निवाडा सोपा नाही.

१२/
त्याच सुमारास ‘गालाक्सिया’ या विज्ञान मासिकाचे संपादक योवा रेगासेक आणि तरुण लेखक देयान रिस्तानोविच संगणकांवर एक विशेषांक काढण्याच्या तयारीत होते. आंतोनिच यांनी आपला आराखडा त्यांच्या हाती ठेवला. ‘तुमच्या घरातील संगणक’ अशा अर्थाचे नाव घेऊन जानेवारी १९८४ चा म्हणून हा अंक बाजारात आला. त्यात संपूर्ण आराखडा आणि जोडणीच्या सूचना छापलेल्या होत्या. संगणकाला मासिकाचेच नाव मिळाले. ‘गालाक्सिया’ म्हणजे आकाशगंगा.

१३/
आराखडा रेखाटतानाच घरच्या कारागिराचा विचार झालेला होता. सर्किट बोर्ड एकाच बाजूचा ठेवला होता, कारण दुहेरी बोर्ड घरी तयार करणे कठीण असते. त्यामुळे बोर्डावर जागोजागी तारांचे लहान पूल सोल्डर करावे लागत. ती मेहनत जोडणाऱ्याची होती, पण पैसे वाचत. तयार पेटी मिळत नसे, ती ज्याने त्याने आपल्या हाताने बनवायची. म्हणून जुन्या गालाक्सियांची छायाचित्रे पाहिली तर एकासारखा दुसरा दिसत नाही.

१४/
सुट्या भागांची व्यवस्थाही मासिकाने लावली. बोर्ड आणि कळफलक देशातच तयार झाले, तर चिप्स ऑस्ट्रियातील ग्राझ येथून मागवण्यात आल्या. रॉममध्ये प्रोग्रॅम भरण्याचे काम आंतोनिच स्वतः करत. अंकाला प्रतिसाद इतका मोठा होता की तो पुन्हा छापावा लागला, आणि एकट्या मासिकाकडेच सुट्या भागांच्या संचासाठी ८,००० हून अधिक लोकांनी मागणी नोंदवली. ज्या देशात संगणक विकत मिळत नव्हता, तिथे हजारो घरांत तो जोडला जाऊ लागला.

१५/
यंत्र तयार झाले, पण त्यावर चालवायचे काय? इथे रेडिओ कामी आला. गालाक्सिया प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवत असे, वेग सेकंदाला २८० बिट. म्हणजे तिची २ किलोबाइट स्मृती भरायला जेमतेम एक मिनिट लागे. जे कॅसेटवर ध्वनी म्हणून मावते, ते रेडिओवरूनही जाते. मोडली यांच्या कार्यक्रमातून गालाक्सियाबरोबरच स्पेक्ट्रम आणि कमोडोरचेही प्रोग्रॅम प्रक्षेपित होत. श्रोते ते टिपत, त्यांत सुधारणा करत आणि नवी कॅसेट पुन्हा केंद्राकडे धाडत. मध्येच खरखर झाली, की प्रोग्रॅम वाया जाई आणि पुढच्या प्रक्षेपणाची वाट पाहावी लागे.

१६/
गालाक्सियाचे वैभव अल्पकाळ टिकले. पाठ्यपुस्तके व शैक्षणिक साधने प्रकाशित करणाऱ्या बेलग्रेडच्या संस्थेने पुढे तयार जोडलेली आवृत्तीही आणली. पण दशकाच्या मध्यावर आयातीचे नियम सैल होत गेले, परदेशी संगणक स्वस्त झाले आणि हे मंद, काळे-पांढरे यंत्र माळ्यावर गेले. त्यानंतर देशच फुटला. १९९५ मध्ये आंतोनिच यांनी, आता हे कोणाला हवे आहे, अशा समजुतीने आपल्याजवळची जुनी यंत्रे टाकून दिली.

१७/
तो समज चुकीचा ठरला. आराखडा छापील होता, हजारो लोकांनी तो हाताळलेला होता, आणि जे इतक्या जणांच्या हाती असते ते एका माणसाने फेकून नष्ट होत नाही. आज अनेक देशांतील हौशी लोक त्याच आराखड्यावरून गालाक्सिया नव्याने जोडतात. रिस्तानोविच यांनी १९८९ मध्ये बेलग्रेडमध्ये ‘सेझाम’ ही टेलिफोनवरून जोडली जाणारी संगणकसेवा सुरू करण्यात पुढाकार घेतला. मासिकाच्या पानांवर जमलेला वाचकवर्ग तोवर संगणक समजणारी एक पिढी बनला होता.

१८/
सीमेवरचा अधिकारी सामानातला संगणक अडवू शकत होता. ३२ अक्षरांच्या १६ ओळी कशा उमटवायच्या, हे ज्ञान मात्र त्याला अडवता आले नाही. ते मासिकाच्या पानांवरून गेले आणि रेडिओच्या किरकिरीतून गेले. गालाक्सिया त्या काळातील सर्वांत वेगवान संगणक नव्हता, सुंदरही नव्हता. पण तो ज्याच्या घरी होता, त्याला त्याची प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे ठाऊक होते, कारण ती त्यानेच जोडलेली होती.