मुदर्रिसांची परीक्षा

जो अभ्यास शिक्षक मुलांकडून करवून घेतो, त्याच अभ्यासाची परीक्षा आज त्याला स्वतःला द्यावी लागली तर तो उत्तीर्ण होईल काय? एरवी हा प्रश्न ओसरीवरच्या गप्पांतला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो थेट शाळेच्या दारात आणून उभा केला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे अशा पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी, त्यांची नेमणूक शिक्षणहक्क कायद्याच्या आधीची असली तरी, दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अन्यथा सक्तीने निवृत्त व्हावे, असे न्यायालयाने ठरविले. ज्यांची पाच वर्षे उरलेली नाहीत त्यांची नोकरी राहील, पण बढती मिळणार नाही.

आपल्या जिल्ह्यातील बेला, जैनद, तामसी या भागांत मराठी शाळा चालविणाऱ्या गुरुजनांनाही हा निकाल लागू पडतो. वीस वर्षे पाटीपेन्सिलीच्या मुलांत रमलेल्या माणसापुढे दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न येणार. प्राथमिकच्या पेपरात बालविकास, पहिली भाषा, इंग्रजी, गणित आणि परिसर यांना प्रत्येकी तीस गुण. खुल्या प्रवर्गाला साठ टक्के हवेत. तेलंगणात २०२४ पासून ही परीक्षा संगणकावर होते, ही अडचण पन्नाशीच्या शिक्षकाला गणितापेक्षाही जड वाटली तर नवल नाही.

तथापि आपल्या जुन्या घराण्यांना यातले फारसे नवे नाही. शिक्षकाची परीक्षा एका भाषेत आणि त्याच्या विद्यार्थ्यांची दुसऱ्याच भाषेत, हा खेळ या जिल्ह्याने शंभर वर्षांत अनेकदा पाहिला. निजामी राज्यात १८८४ साली फारसी जाऊन उर्दू ही राजभाषा झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान १९१७ चे आणि वर्ग सुरू झाले १९१९ पासून. तेथे सारे उच्च शिक्षण उर्दूतून, त्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांचे भाषांतर करणारे स्वतंत्र खाते. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया ही शाळांची नावे आपल्या आजोबांच्या तोंडी सहज असत. पुढे शिकायचे तर उर्दूला पर्याय नव्हता. घरी मराठी, दप्तरात उर्दू आणि बाजारात तेलुगू, अशा त्रिवेणीतून तयार झालेला मुदर्रिस मराठी मुलांपुढे उभा राही.

याच राज्यात, आपल्याच जिल्ह्यात, एक उलटा प्रयोग झाला. १९४० साली कोमरम भीम यांच्या उठावाचा जोडेघाट येथे रक्तरंजित शेवट झाला. त्यानंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास निजाम सरकारने क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाठविले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिक्षक आणायचे कोठून? मॅट्रिक झालेला गोंड मिळणे अशक्यच, आणि बाहेरच्या मॅट्रिकवाल्याला गोंडी येत नाही. तेव्हा ज्यांना थोडेफार लिहिता-वाचता येत होते अशा गोंड तरुणांनाच शिकवून गुरुजी करण्यात आले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत तयार झाली. या कामाशी निजामाच्या नोकरीतील सेतुमाधवराव पगडी यांचेही नाव जोडलेले आहे. मराठी इतिहासलेखक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते हेच पगडी. गोंडी त्यांनी आवर्जून शिकून घेतली होती. मारलवाईच्या या पहिल्या गुरुजींना आजच्या दीडशे प्रश्नांपुढे बसविले असते तर त्यांतले किती उत्तीर्ण झाले असते? आमच्या मते एकही नाही. आणि तरीही गोंडी मुलांना त्यांच्या भाषेत अक्षरओळख करून देणे त्या काळी त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला जमले नसते.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाची उर्दू मागे पडली आणि इंग्रजी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. काल एकाच जिल्ह्यात असलेल्या दोन गुरुजींचे वरिष्ठ, क्रमिक पुस्तके आणि मुलांच्या परीक्षा एका रात्रीत वेगळ्या झाल्या. उर्दूतून उत्तीर्ण झालेल्यांनी मुलांना मराठी वा तेलुगूतल्या परीक्षांस बसविले. ते प्रश्न त्यांना स्वतःला त्या भाषेत सोडविता आले असते की नाही, हे कोणी विचारले नाही.

केंब्रिजचे उदाहरण येथे आठवते. रँग्लर र. पु. परांजपे १८९९ साली ज्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले, तिच्या तयारीसाठी तेथे खासगी शिकवणीदारांची मोठी परंपरा होती. त्यांत अत्यंत गाजलेला विल्यम हॉपकिन्स १८२७ साली स्वतः सातवा आला होता. १८४९ पर्यंत त्याच्या हाताखालून सतरा जण पहिले येऊन गेले. सातव्याने सतरा पहिले घडविले! पण हाही दाखला जपून वापरावा लागतो. सातवा आला म्हणजे हॉपकिन्सला विषय येत नव्हता असे नव्हे. पाचवीची त्रैराशिके ज्याला सुटत नाहीत, त्याने पाचवीला गणित शिकवू नये, हे आम्हांसही मान्य आहे. आमचा आक्षेप एवढाच, की वीस वर्षांची सेवा ज्याच्या गाठीशी आहे त्याचे सारे माप एकाच संगणकी पेपरने घेतले जावे आणि वर्गात बसून त्याचे शिकविणे पाहण्यास कोणी येऊ नये.

आपल्यांपैकी ज्यांच्या घरी फौकानियाची उर्दू प्रमाणपत्रे, मुदर्रिसीच्या नेमणुकीचे हुकूम किंवा १९५६ च्या सुमाराची शाळेची हजेरीपुस्तके अद्याप पेटीत असतील, त्यांनी ती वाळवीपासून सांभाळावीत आणि मंडळास पाहावयास द्यावीत. कोण कोणत्या भाषेत काय उत्तीर्ण झाला आणि कोणत्या भाषेत काय शिकवीत होता, हे त्यांवरून नावानिशी मांडता येईल.