उजनीच्या काठावर गळ टाकताय? जरा पायाखाली बघा: मासेमारी आणि पक्ष्यांच्या घरट्यांचा वाद नेमका काय आहे?

दरवर्षी उन्हाळ्यात एक बातमी हमखास येते: 'उजनी मायनसमध्ये'. म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला आणि आता मृतसाठ्यातलं पाणी उरलं. सोलापूरकरांसाठी ही काळजीची बातमी असते. पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं आणि त्याचे फोटो व्हायरल होतात.

याच दिवसांत भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. पाणी ओसरल्यावर वाळूची, खड्यांची छोटी छोटी बेटं वर येतात आणि नदी सुरय, छोटा प्रॅटिनकोल, कंठेरी चिखल्या असे पक्षी तिथे अंडी घालतात. त्याच बेटांवर आणि काठांवर गळ टाकणारे, जाळी सुकवणारे आणि कॅमेरा घेऊन जाणारे लोकही पोहोचतात. वाकड-हिंजवडीहून शनिवारी पहाटे गाडी काढली, तर दोन-अडीच तासांत तुम्हीही तिथे असता.

मग काठावर हक्क कुणाचा? समजून घेऊया.

घरटं दिसत का नाही?

कारण आपण ज्याला घरटं म्हणतो, तसं काही तिथे नसतंच. ना काड्या, ना झाड. नदी सुरय किंवा चिखल्या वाळूत छातीने उथळ खळगा करतात आणि त्यातच अंडी घालतात. सुरयची दोन-तीन, टिटवीची आणि चिखल्याची बहुतेक वेळा चार. अंड्यांचा रंग मातकट, त्यावर ठिपके. दोन फुटांवरूनही ती खड्यांसारखीच दिसतात.

पिल्लं बाहेर यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पिल्लं पळू लागली तरी धोका संपत नाही. संकट आलं की ती पळून जाण्याऐवजी जागच्या जागी दबून बसतात. पायाखाली किंवा चाकाखाली येतात ती यामुळेच.

मी तर नुसता बसलो होतो, मग त्रास कसा?

या वादाचा खरा गाभा इथे आहे. बहुतेक नुकसान अंडी तुडवल्याने होत नाही, माणूस तिथे थांबल्याने होतं.

माणूस जवळ आला की अंड्यांवर बसलेला पक्षी उडतो. एप्रिल-मे महिन्यात पक्षी अंडी उबवण्यापेक्षा त्यांना सावली देण्याचं काम जास्त करत असतो. टिटवी आणि सुरय तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. तुम्ही गळ टाकून तासभर तिथेच बसलात, तर तो तासभर अंडी उघड्या उन्हात तापतात. वर कावळे आणि घारी टपलेले असतातच.

सुरय आणि प्रॅटिनकोल वसाहत करून राहतात. त्यामुळे एक माणूस बेटावर उतरला की एक नाही, सगळीच जोडपी एकदम उडतात. यातला नदी सुरय आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं तर शिकार आहेच, पण अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्याच व्याख्येत येतं. 2022 मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. परिशिष्टांची फेरमांडणी झाली, पण हा भाग कायम राहिला.

मग अडचण कुठे आहे? लोक सर्रास 'भिगवण पक्षी अभयारण्य' म्हणत असले, तरी मुळात हा धरणाचा फुगवटा आहे. पाण्याचं नियोजन जलसंपदा विभाग बघतो, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग आणि पक्षी वन विभाग. पक्ष्याला मात्र खातं कळत नाही.

आणखी एक गंमत. राज्याच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. या पक्ष्यांची वीण मात्र मार्च ते मे अशी ऐन उन्हाळ्यात येते. माशांसाठीचं कॅलेंडर त्यांच्या उपयोगाचं नाही.

म्हणजे मासेमारी बंद करायची का?

इथे दोन वेगळ्या माणसांची गल्लत होते. एक, शनिवार-रविवारी हौसेने गळ घेऊन जाणारा. दुसरा, उजनीत रोज जाळं टाकून घर चालवणारा. त्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा भोई समाज आहे, धरणात जमीन गेलेली कुटुंबंही आहेत. चिलापी, कटला, रोहू यांच्यावर त्यांचं पोट आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक घेणारे शेतकरीही याच काठावर असतात. हौसेने जाणारा माणूस पुढच्या काठावर जाऊ शकतो. पोटासाठी जाणाऱ्याला ते दरवेळी शक्य नसतं. दोघांना एकच नियम लावला, तर तो अन्याय होईल.

शिवाय सगळा दोष गळवाल्यांवर टाकणंही बरोबर नाही. वाळूउपसा, भटकी कुत्री, चरायला सोडलेली जनावरं आणि अचानक वाढणारी पाणीपातळी यांनीही वसाहती उद्ध्वस्त होतात. आणि 'परफेक्ट शॉट'साठी घरट्याजवळ आडवे पडणारे फोटोग्राफर? त्यांनाही हेच लागू आहे.

बाहेर असा वाद झालाय का?

झालाय, आणि तो कोर्टापर्यंत गेलाय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरस किनाऱ्यावर लोक गाड्या थेट वाळूत नेऊन मासे पकडायचे. तिथेच पायपिंग प्लोव्हर हा छोटा पक्षी अंडी घालतो. 2007 मध्ये पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. 2008 च्या तडजोडीनंतर विणीच्या काळात किनाऱ्याचे काही भाग बंद होऊ लागले. स्थानिक गळवाले आणि पर्यटनावर जगणारे लोक संतापले. 2012 मध्ये कायमचे नियम आले आणि 2014 मध्ये अमेरिकी संसदेने ती बंधनं सैल करायला लावली. वरून आलेला नियम स्थानिकांना पटला नाही, तर तो टिकवणं किती कठीण जातं, हे यातून दिसतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं वेगळी वाट दाखवतात. चंबळ नदीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणचिरा पक्ष्याच्या वसाहती राखायला गावातल्याच लोकांना 'घरटं-राखणदार' नेमलं. सुरय पक्ष्यांनाही त्याचा फायदा होतो. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांसोबत कासवांची अंडी वाचवली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांना पाहुण्यांमुळे उत्पन्न मिळू लागलं.

भिगवणमध्ये याची अर्धी तयारी आधीच झाली आहे. रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्यांना होडीतून नेणारे अनेक नावाडी मूळचे मच्छीमारच आहेत. कुठल्या बेटावर यंदा वसाहत आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मार्च ते मे तेवढी दोन-तीन बेटं वगळायची आणि राखणीचा मोबदला त्यांनाच द्यायचा. यात सगळा काठ बंद करावा लागत नाही.

आपण काय करू शकतो?

• मार्च ते मेमध्ये उघड्या बेटांवर उतरू नका. गळ टाकायचा तर नेहमीच्या वापरातल्या काठावरूनच टाका, आणि परवानगी लागते का ते आधी विचारा.
• पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतोय? घरटं जवळ आहे. शोधत बसू नका, आल्या वाटेने मागे फिरा.
• तुटलेली तंगूसची दोरी आणि गळ सोबत परत आणा. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.
• घरट्याचा फोटो किंवा लोकेशन इन्स्टावर टाकू नका.
• कुत्र्याला मोकळं सोडू नका.

आणि यासाठी भिगवणलाच जायला हवं असं नाही. वाकडमधल्या रिकाम्या प्लॉटवर, बांधकामाच्या खडीवर, मुळेच्या काठावर टिटवी अशीच अंडी घालते. सोसायटीशेजारी ती रात्रभर ओरडत असेल तर तो अपशकुन नाही, ती पिल्लं राखतेय. अंडी दिसली तर वॉचमन आणि जेसीबीवाल्याला सांगून तेवढा कोपरा महिनाभर सोडायला लावा.

वाकडजवळून वाहणारी मुळा पुढे पवना आणि मुठेला घेऊन भीमेला मिळते आणि उजनीत जाते. आपलं सांडपाणी तिथवर पोहोचतंच. निदान सुट्टीच्या दिवशी तरी तिथल्या बेटांवर आपलं पाऊल पडणार नाही, एवढं आपल्या हातात आहे.