पटाच्या बैलाचा कारखाना

विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, म्हणजे शंकरपटात, जोडी सुटण्याआधी भोंग्यावरून गावाचे नाव येते, मग मालकाचे, आणि शेवटी आवाज चढवून बैलांचे. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, नावाजलेला असेल तर त्याचाही उद्धार होतो. एक नाव मात्र कधीच येत नाही: हा बैल कुणी घडवला? कोणत्या गोठ्यात तो जन्मला, त्याची गाय कोणत्या जातीची, वळू कुठला? पट पाहायला आलेल्या माणसाला बैल कुणाचा हे हवे असते, कुठला हे तो मनात ओळखतो, आणि घडवणारा विस्मृतीत जातो.

यंत्रांच्या शर्यतींत नेमके उलटे. चार जाड चाकांच्या क्वाड बाइकचेच घ्या. 1970मध्ये होंडाने तीन चाकांची गाडी अमेरिकेत विकायला काढली, आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीने चौथे चाक लावून तिला शह दिला. 1985मध्ये सुझुकीची खास शर्यतीची क्वाडरेसर आली, दुसऱ्याच वर्षी होंडाचे उत्तर आले आणि त्यानंतर यामाहाची बँशी. रानावनातून, चिखलातून तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींत स्वाराच्या नावाइतकेच कारखान्याचे नाव गाजू लागले. पुढे डाकार रॅलीत क्वाडचा वेगळा गट सुरू झाला. 2009 ते 2024 या काळात त्या गटाची जी जी शर्यत झाली, ती यामाहावर बसलेल्या स्वारानेच जिंकली. 2024नंतर डाकारने तो गटच बंद केला. दुसरा कारखाना तोडीस तोड नसेल, तर शर्यत किती दिवस पाहायची?

गोंदियाच्या पटात कारखाना दिसत नाही, पण तो आहे, आणि एक नव्हे, दोन आहेत. दोन्ही लष्करी आहेत.

आधी मैदान. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण पटाला ही सरहद्द ठाऊक नाही. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, साकोली, लाखांदूर हा सगळा धानाचा, तलावांचा एकच झाडीमुलूख, म्हणजे झाडीपट्टी. पावसाळ्यात बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलणी आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. धान घरात आले की बैल मोकळा, माणूस मोकळा आणि रानही मोकळे. दिवाळीनंतर मंडया भरतात, दंडारी नाचतात आणि थंडी पडली की पटांचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री नाटक, ही झाडीपट्टीची जोडगोळी. पट पाहायला चार गावांचे पाहुणे आले, त्यांची रात्र कशी काढायची, या साध्या गरजेने झाडीपट्टी रंगभूमीला हक्काचा प्रेक्षक मिळाला. आज वडशाच्या नाटक कंपन्या एकमेकींशी ज्या ईर्षेने तारखा पळवतात, ती पटावरच्या ईर्षेला लाजवील अशी आहे. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली.

बैल पळवण्याची हौस मात्र झाडीपट्टीहून फार जुनी. क्लॉडियस एलियानस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी प्राण्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानातले लोक वेगवान बैलांचे मोठे कौतुक करतात, खुद्द राजा आणि सरदार त्यांच्यावर सोन्या-चांदीच्या पैजा लावतात, असे त्यात आहे. मधे घोडा आणि दोन्ही अंगांना बैल जुंपतात, आणि धाव तीस स्टेडियमची, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेपाच किलोमीटरच्या आसपास. सांगली-कोल्हापूरकडच्या घोडा-बैल शर्यती पाहिलेल्याला हे वर्णन परके वाटणार नाही. पाली जातककथांतला नंदिविसाल बैल तर शंभर गाड्या ओढण्याच्या पैजेवर धन्याला हजार नाणी गमावून दाखवतो, कारण धन्याने ऐन वेळी त्याला शिवी दिलेली असते. ही पुरातन वंशावळ थेट गोंदियापर्यंत ओढत आणण्याचा मोह पट-समित्यांच्या पत्रकांना होतो. तो आवरलेला बरा. पैज जुनी आहे म्हणून आजचा बैल जुना ठरत नाही.

आजच्या बैलाचे कूळ शोधायचे तर अठराव्या शतकात जावे लागते. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा 1740च्या दशकात छत्तीसगड, ओडिशा आणि बंगालपर्यंत धावत होत्या. घोडेस्वार पुढे गेला तरी त्याचा दाणागोटा, तंबू, दारूगोळा मागून यायचा तो बैलांवर. संथ बैल म्हणजे उपाशी फौज. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यात गवळ्यांनी सांभाळलेली पांढरी-करडी गवळाऊ जात होती. हलक्या बांध्याची, लांब पायांची ही जात दुडक्या चालीने मैलोगणती जाणारी. मराठ्यांनी डोंगरवाटांवरच्या जलद वाहतुकीसाठी तिच्यातून वेगवान बैल निवडत नेले, असे पशुवंशाचे अभ्यासक मानतात. गवळाऊ म्हणजे भोसल्यांच्या पुरवठा खात्याचा बैल. वर्धा जिल्ह्यातल्या हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे, आणि बालाघाट तर गोंदियाला लागूनच. जंगलातून यायचे म्हटले तरी दूर नाही.

दुसरा कारखाना म्हैसूरचा. तिथल्या राजांनी, आणि पुढे हैदर अली व टिपू सुलतान यांनी, लष्करासाठी अमृतमहाल बैलांची पैदास राजखात्यासारखी चालवली. 1799मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे कळप इंग्रजांच्या हाती गेले आणि त्यांनीही तोफा ओढायला तेच बैल वापरले. त्याच हल्लीकर-अमृतमहाल रक्ताशी नाते सांगणारा खिल्लार पुढे आटपाडी, म्हसवड, सांगोल्याच्या माणदेशी माळांवर थिल्लारी धनगरांनी वाढवला. मागे झुकलेली टोकदार शिंगे, तापट डोळा, आखीव अंग. पुण्याच्या घाटापासून साताऱ्याच्या मैदानापर्यंत शर्यतीचा बैल म्हटला की खिल्लार. गेल्या काही दशकांत तो विदर्भाच्या पटांतही दिसू लागला. म्हणजे शंकरपटात एका दावणीला भोसल्यांचे पुरवठा खाते उभे असते आणि शेजारच्या दावणीला म्हैसूरचा तोफखाना. कंपनीचे फलक नाहीत, एवढाच काय तो फरक.

दोन्हींच्या गुणांत फरक आहे आणि तो मैदान ठरवते. लांब अंतर एका लयीत कापायला दुडक्या चालीचा बैल हवा, तर काही सेकंदांत संपणाऱ्या धावेला सुटताक्षणी अंगात येणारा. विदर्भातला पट छोट्या, सरळ, सपाट धावपट्टीवर पळतो. पूर्वी निकाल पंचांच्या नजरेवर असे आणि भांडणही तिथेच पेटे, मग हातातले घड्याळ आले, आणि आता मोठ्या पटांत सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारी विजेरी यंत्रे आहेत. सेकंदाच्या त्या तुकड्याने तापट बैलाचा भाव वाढवला आणि लांब पल्ल्याच्या बैलाचे जुने कसब बिनकामाचे करून टाकले. जात बदलण्यामागे मालकाची हौस दिसते, पण खरा हात घड्याळाचा असावा.

बैलामागच्या वाहनाचीही कुळकथा आहे. मालवाहू बंडी जड, तिच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव. प्रवासाला दमणी, खासर आणि सर्वांत चपळ ती रेंगी. मालगुजार, पाटील, वकील यांची ही सवारी, आणि तिला जुंपायला निवडक दुडके बैल. बाजाराच्या वाटेवर कुणाची रेंगी कुणाला मागे टाकते ही फुकटची शर्यत रोजच चाले. 1880च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे रेल्वे गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद रूळमार्ग गेला, नंतर मोटारी आल्या आणि रेंगीचे प्रवासाचे काम सुटले. शर्यतीचा छकडा त्या कुळातला शेवटचा वंशज म्हणावा लागेल. बसायची बैठक गेली, कठडे गेले, छप्पर गेले. उरले जू, दांड्या, आस, दोन हलकी चाके आणि धुरकऱ्याला पाय रोवायला जेमतेम जागा. तो घडवणारा सुतारही बैल घडवणाऱ्या गवळ्यासारखाच भोंग्यावर येत नाही.

पटाचे आश्रयदातेही बदलले. 1950च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली. मालगुजाराच्या मर्जीवर चालणारी गोष्ट गावाच्या वर्गणीवर, समितीवर आणि पुढे पुढाऱ्यांच्या बक्षिसांवर चालू लागली. नामांकित जोड्यांचा एक गट आणि गावच्या जोड्यांचा वेगळा, अशी वाटणी रुळली. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध पटात तर बायका कासरा हाती घेऊन जोड्या पळवतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस राखलेला असतो.

मग बंदी आली. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. आर लावलेली तुतारी (बैल हाकायची काठी), शेपटी पिरगाळणे, चावणे, विजेचा झटका हे सारे न्यायालयापुढे मांडले गेले होते, आणि त्यातले काहीही कपोलकल्पित नव्हते. पट ही आमची संस्कृती, असे म्हणून हा भाग झाकता येत नाही. 2017मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा दुरुस्ती कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला, 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरहून लांब नको, आणि छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

या लढाईत शर्यतीच्या बाजूने सर्वांत जोरात वाजला तो मुद्दा देशी गोवंशाचा: शर्यत गेली तर खोंड कोण पाळणार? त्यात तथ्य आहे. चिखलणीला आता ट्रॅक्टर उतरतो आणि बैलाला शेतात काम उरत नाही. पटाचा बैल तर कधीचाच नांगराला लागत नाही. त्याचा खुराक वेगळा, राखणारा माणूस वेगळा, आणि मैदान मारले की त्याची किंमत लाखांत बोलली जाते. हा पूर्ण व्यावसायिक खेळाडू आहे.

पण वाचतो कोणता गोवंश? 2023च्या सुरुवातीला देशातल्या पशुजातींच्या अधिकृत नोंदीत पूर्व विदर्भाची एक जात दाखल झाली. तिचे नाव कठाणी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या धानपट्ट्यातली, मध्यम-लहान बांध्याची, चिखलात पाय न रुतवता दिवसभर ओढणारी. फौजेसाठी तिला कुणी घडवले नाही. तिला बांधीने घडवले. झाडीपट्टीच्या मातीतला खरा घरचा बैल तो हा, आणि सेकंदाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या पटात खिल्लारापुढे त्याचा निभाव लागणे कठीण. गावच्या जोड्यांसाठी पट-समित्या वेगळा गट ठेवतातच. तसाच एक गट निव्वळ कठाणी जोड्यांसाठी ठेवला, आणि भोंग्यावरून मालकाबरोबर पैदास करणाऱ्या गोठ्याचेही नाव पुकारले, तर न्यायालयात केलेल्या युक्तिवादाला गोंदियाच्या मैदानावर पहिला पुरावा मिळेल.