लोकरॉक, खडी गंमत आणि प्रयोगाची संहिता

लोकगीत वाचणे, ऐकणे आणि प्रत्यक्ष प्रयोगात पाहणे या तीन वेगळ्या कृती आहेत, हे तत्त्वतः कोणी नाकारत नाही. व्यवहारात मात्र मराठी लोकसाहित्याचा अभ्यास प्रामुख्याने पहिल्या कृतीवर उभा राहिला. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधील ओव्यांचा संग्रह असो, की दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (1956) या ग्रंथातील मांडणी असो, गीत कागदावर उतरल्यानंतरच ते अभ्यासाचा विषय होते. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्रा’त (1975) नादाच्या अंगाने वेगळा विचार केला आणि प्रभाकर मांडे यांनी लोकरंगभूमीच्या विधिरूपाकडे लक्ष वेधले, तरीही साहित्यसमीक्षेच्या वर्तुळात लोकगीत म्हणजे ‘रचना’ हाच समज टिकून राहिला. 2016 मध्ये बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीत हे साहित्य आहे काय, असा वाद जगभर झाला. त्या निमित्ताने 2017 मध्ये दिलेल्या व्याख्यानात खुद्द डिलन यांनीच गीते ही पानावर वाचण्यासाठी नसून गाण्यासाठी असतात, असे सांगून वादाची दिशा बदलली. समीक्षेने मात्र त्या सूचनेचा पाठपुरावा क्वचितच केला.

‘लोकरॉक’ या संज्ञेचा इतिहास येथे उपयोगी पडतो. 1965 च्या उन्हाळ्यात बर्ड्स या वाद्यवृंदाच्या संदर्भात अमेरिकी संगीत-पत्रकारितेने ती रूढ केली. त्याच वर्षी 25 जुलैला न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेवरची गिटार घेऊन उभे राहिले, जेमतेम तीन गाणी झाली आणि श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले. हे आवाज नेमके कशाविरुद्ध होते, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. विद्युत्-वाद्यांविरुद्ध, प्रयोगाच्या तोकडेपणाविरुद्ध, की ध्वनिव्यवस्थेच्या गोंधळाविरुद्ध, अशी तिन्ही उत्तरे दिली जातात. पीट सीगर यांचे नंतरचे स्पष्टीकरण साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत महत्त्वाचे वाटावे असे आहे: आपला राग विजेवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते यावर होता, असे त्यांनी सांगितले. म्हणजे ज्या घटनेला ‘परंपरा विरुद्ध आधुनिक वाद्य’ असे रूप दिले गेले, तिच्या मुळाशी, निदान एका प्रमुख साक्षीदाराच्या मते, संहितेचा प्रश्न होता.

इंग्लंडमधील लोकरॉकची घडण वेगळी आहे. तेथे 1903 पासून सेसिल शार्प यांनी खेड्यापाड्यांतील गीते टिपून घेण्यास आरंभ केला. (शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या या संग्राहकाने आपल्या पुस्तकांत त्याच गीतांना पियानोची साथ जोडली, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.) पुढे फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वाद्यवृंदाने 1969 मध्ये ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्यातील जुन्या कथागीतांचा शोध वृंदातील अॅशली हचिंग्ज यांनी शार्प यांच्याच नावाने उभ्या असलेल्या संग्रहालयात जाऊन घेतला होता. गीत खेड्यातून कागदावर, कागदावरून ग्रंथालयात आणि तेथून विजेवरच्या गिटारीपर्यंत गेले. या प्रवासात मधली एक पायरी गळून गेली होती. ती म्हणजे ज्यांच्या घरात ते गीत होते, त्यांचा जमाव. लोकरॉक हा तुटलेला दुवा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न आहे; आणि दुवा तुटल्याशिवाय तो जोडण्याचा प्रकारही जन्माला येत नाही. मुंबईत अलीकडच्या काळात ‘अभंग रिपोस्ट’सारखा वाद्यवृंद संतांचे अभंग गिटार आणि ड्रमसह सादर करतो, तेव्हाही शब्द छापील गाथेतले असतात, नाद नवा असतो आणि जमाव तिकीट काढून आलेला, परस्परांना अपरिचित असा असतो.

जेथे हा दुवा तुटलाच नाही, तेथे विजेचे आगमन कसे झाले, हे पाहण्यासाठी भंडारा जिल्ह्याइतके दुसरे सोयीचे क्षेत्र मराठी मुलखात क्वचितच सापडेल. वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचा हा प्रदेश, 1999 मध्ये वेगळा झालेला गोंदिया जिल्हा, दक्षिणेकडील गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जी ‘झाडीपट्टी’ होते, तिच्यात दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके हे तीन प्रयोगप्रकार एकाच प्रेक्षकासमोर, एकाच हंगामात नांदत आले. हंगाम धानाच्या कापणीशी बांधलेला आहे. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, पाहुणे मुक्कामाला राहतात. पुढे शंकरपटाच्या दिवसांत बैलांच्या शर्यती पाहायला आलेले लोक रात्री नाटकाला बसतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांत हिवाळ्यातील रात्र म्हणजे प्रयोगाची रात्र, हे समीकरण अजून मोडलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 मध्ये त्यांना सशर्त मोकळीक मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. मधल्या वर्षांत पटावर बैल धावले नाहीत, पण नाटके थांबली नाहीत. प्रयोग शर्यतीच्या आधाराने वाढला होता खरा, पण तो तिच्यावाचून उभा राहू शकतो, एवढे त्यातून दिसले.

खडी गंमत या नावातच प्रयोगाची मांडणी आहे. कलावंत उभे, वादक उभे, झीलकरी उभे. ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांच्यासह सारा संच गायकाच्या मागे-पुढे सरकत राहतो. गण, गवळण, लावणी, झगडा असा क्रम असला तरी कोणता भाग किती लांबवायचा, हे समोरच्या जमावावर ठरते. अल्बर्ट लॉर्ड यांनी 1960 मध्ये युगोस्लाव्हियातील गायकांच्या आधारे जे प्रतिपादन केले, की मौखिक परंपरेत रचना आणि सादरीकरण या दोन घटना नसून एकच घटना असते, त्याचे प्रत्यंतर येथील झगड्यात येते. सवाल करणारा आणि जबाब देणारा यांना विषय व चाल आधीच ठाऊक असतात. कडवे मात्र त्या रात्रीचे असते. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणारा शेतकरीही याच कुळातला. समोरच्याच्या झडतीवर मात करायची, तर जुन्या साच्यात नवा शब्द बसवावा लागतो, आणि तो तत्क्षणी बसवावा लागतो.

मशाली आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात चाललेल्या या प्रयोगात विजेने प्रथम आणला तो ध्वनिक्षेपक. वाद्यांची पाळी नंतर आली. समीक्षेने या क्रमाकडे दुर्लक्ष केले आहे. रंगमंचावर टांगलेला ध्वनिक्षेपक नटाला एका वर्तुळात बांधून ठेवतो. वाक्य त्याच्याखाली येऊन बोलावे लागते, आणि म्हणून हालचाल वाक्याच्या आधी किंवा नंतर होते, वाक्याबरोबर होत नाही. जो प्रकार ‘खडा’ म्हणजे उभ्याने, सरकत्या पायांवर रचला गेला, त्याला ही अट सर्वांत जाचक ठरली. नाटकाला ती तितकी जाचली नाही; कारण किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (1880) चालत आलेल्या संगीत नाटकात पद म्हणताना नटाने एका जागी उभे राहणे रूढच होते. रात्रीच्या या नाटकाने खडी गंमतीला मागे टाकले, याची कारणे अभिरुचीतील बदलात शोधली जातात. त्यांतले एक कारण असे तांत्रिक आहे.

वाद्यांचा प्रश्न याहून सोपा निघाला. संगीत नाटकाकडून आलेला पायपेटीचा ऑर्गन आणि तबला यांच्या शेजारी ऑक्टोपॅड येऊन बसला, काही संचांत विजेवरचा कीबोर्ड आला, ‘हंगामा’ म्हणून ओळखले जाणारे नृत्य प्रयोगात शिरले आणि चित्रपटगीतांच्या ठेक्यावर रंगमंच हलू लागला. न्यूपोर्टसारखा प्रसंग या पट्टीत घडल्याची आठवण कोणी सांगत नाही. शहरी निरीक्षक ऑक्टोपॅड पाहून हळहळतात, परंतु गावच्या प्रेक्षकाला त्यात द्रोह दिसला नाही. याचे कारण त्याच्या भाबडेपणात शोधणे चुकीचे ठरेल. हा प्रेक्षक पदाला ‘वन्स मोअर’ देतो, नटाची चूक ओळखतो, आणि एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके लागली असता कोणते सोडून कोणत्याला जायचे, हे विचाराने ठरवितो. वडसा हे गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील गाव या धंद्याचे केंद्र बनले. तेथील मंडळ्यांशी गावातले मंडळ करार करते, मांडव उभारते, तिकिटे विकते. तोटा झाला तर तो गावाचा असतो. ज्याने जोखीम घेतली आहे, तो प्रेक्षक वाद्यांच्या वंशावळीपेक्षा रात्र रंगली की नाही याकडे पाहतो. लोकरॉकच्या श्रोत्याने जिचा शोध घेतला ती सामूहिकता येथे आयोजनातच आहे, म्हणून तिची खूण म्हणून एखादे जुने वाद्य मिरवावे लागत नाही. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दखल देशपातळीवर घेतली गेली. त्याआधी कित्येक दशके तिचा सन्मान आणि तिचा हिशेब दोन्ही गावपातळीवरच होत होते.

एवढ्यावरून झाडीपट्टीत काहीच हरवले नाही, असा निष्कर्ष निघत नाही. जे हरवले ते नादाच्या बाजूचे नसून शब्दाच्या बाजूचे आहे. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांवर चिकाटीने केलेल्या कामामुळे या हानीचे स्वरूप नेमके सांगता येते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘श’चा ‘स’ होतो. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘काळा’ हा ‘कारा’ होतो. ही केवळ उच्चाराची लकब आहे असे मानणाऱ्याने या बोलीत यमक कसे जुळते, ते पाहावे. बोलीत ‘डोरा’ आणि ‘दोरा’ सहज जुळतात, ‘कारा’ आणि ‘वारा’ जुळतात, ‘पानी’ आणि ‘रानी’ जुळतात. हेच कडवे लेखनिकाने प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून उतरविले, की ‘डोळा’ आणि ‘दोरा’, ‘काळा’ आणि ‘वारा’ अशी विजोड जोडपी कागदावर उरतात. मग संपादक तळटीप न देताच ठरवितो की लोककवीला यमकाचे भान बेताचे होते. तत्क्षणी रचणाऱ्या शाहिराला यमक हा अलंकार नसतो, तो पुढच्या ओळीवर पाय ठेवण्याची पायरी असतो. ती काढून घेतली की झगड्यातील हजरजबाबीपणाची यंत्रणाच बंद पडते. हे काम विजेने केलेले नाही. ते छापखान्याने, शाळेने आणि संगीत नाटकाच्या प्रतिष्ठित नमुन्याने केले.

रात्रीच्या नाटकांची भाषा पाहिली की हे स्पष्ट होते. नायक, नायिका, पाटील, वकील, डॉक्टर ही पात्रे बहुधा प्रमाण मराठीत, तीही काहीशा भारदस्त, पल्लेदार वाक्यांच्या मराठीत बोलतात. प्रेक्षक घरी जी भाषा बोलतो, ती रंगमंचावर आणण्याची मुभा मुख्यतः विनोदी पात्राला असते. बोली हशाची धनी झाली आणि शोकाला, शृंगाराला, न्यायाच्या मागणीला ती अपुरी ठरविली गेली. दंडारीत आणि खडी गंमतीत हा भेद नव्हता. तेथे देव आणि गवळणदेखील झाडीतल्याच उच्चाराने बोलत. मुंबईतील वाद्यवृंद तुकोबांचा शब्द जसाच्या तसा ठेवून त्याभोवतीचा नाद बदलतो. झाडीपट्टीने नाद बदलला, जमाव राखला आणि शब्द गहाण टाकला. पहिल्याला ‘प्रयोगशील’ आणि दुसऱ्याला ‘भ्रष्ट’ म्हणणाऱ्या अभिरुचीचे निकष यानंतर तपासून घ्यावे लागतात, कारण ते वाद्य पाहून ठरलेले आहेत.

प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाचाही येथे विचार करावा लागतो. 17 मे 1966 रोजी मँचेस्टर येथे डिलन यांच्या मैफलीत एका श्रोत्याने त्यांना ‘जूडास’ म्हणून हाक मारली. ती हाक ध्वनिफितीवर उमटली, ती फीत अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून चोरून विकली गेली, आणि 1998 मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हा ती हाक गाळण्याचे कोणाच्या मनात आले नाही. श्रोत्याचा शब्द संहितेचा भाग झाला होता. झाडीपट्टीतील नाटकांची चित्रणे आता भ्रमणध्वनीवर सर्रास पाहिली जातात. त्यांत पद असते, हंगामा असतो, आणि विनोदी पात्राचे प्रवेश तर वेगळे काढून फिरविले जातात. गाळला जातो तो ‘वन्स मोअर’नंतरचा भाग: तेच पद दुसऱ्यांदा म्हणताना गायक नट ताना बदलतो, एखादा शब्द फिरवितो, कधी ऑर्गनवाल्याकडे पाहून लय ओढून धरतो. खडी गंमतीतील रात्रीगणिक बदलणाऱ्या कडव्याचा जो काही अंश नाटकात शिल्लक आहे, तो या दुसऱ्या खेपेतच आहे. आणि विनोदी पात्राच्या तोंडी एखादे चार ओळींचे गाणे येते, तेव्हा ‘डोरा’ आणि ‘दोरा’ पुन्हा एकमेकांशेजारी बसतात. प्रेक्षक हसतो, आणि यमक जुळते.