अणुभारांचे एकक : मोजमाप आणि सहमती यांचा इतिहास

रसायनशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात मूलद्रव्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक आकडा छापलेला असतो : हायड्रोजनपुढे १, कार्बनपुढे १२, ऑक्सिजनपुढे १६, क्लोरीनपुढे ३५.५. हे आकडे कोणीतरी अणू तोलून काढले असावेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोन मूलद्रव्ये परस्परांशी किती वजनाने संयोग पावतात, एवढेच तराजू सांगू शकतो. त्यावरून अणूच्या वजनापर्यंत पोचायचे, तर संयुगाच्या एका रेणूत कोणाचे किती अणू आहेत आणि कोणत्या अणूला मापाचा आधार मानायचे, या आणखी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असावी लागतात. पहिला प्रश्न निसर्गाला विचारण्याचा होता आणि त्याचे उत्तर सर्वमान्य होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. दुसरा रसायनशास्त्रज्ञांनी आपापसांत ठरवण्याचा होता आणि तो मिटण्यास दीडशे वर्षे जावी लागली.

या हिशेबाची सुरुवात अणूपासून झालीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस रसायने वापरणाऱ्यांपुढचा व्यावहारिक प्रश्न असा होता, की अमुक वजनाचे आम्ल पूर्णपणे मारण्यासाठी किती वजनाची आम्लारी लागेल. येरेमियास बेंजामिन रिश्टर (१७६२–१८०७) या जर्मन रसायनज्ञाने, जो आधी ब्रेस्लाऊच्या खाण-कार्यालयात व पुढे बर्लिनच्या पोर्सेलीन कारखान्यात नोकरीस होता, एका साध्या निरीक्षणातून या प्रश्नाचे उत्तर काढले. दोन उदासीन क्षारांची द्रावणे एकत्र केली आणि त्यांच्यातील आम्ल व आम्लारी यांची अदलाबदल झाली, तरी मिश्रण उदासीनच राहते. म्हणजेच एका आम्लाच्या ठरावीक वजनाला पुरणाऱ्या निरनिराळ्या आम्लारींची जी वजने असतात, त्यांचे आपापसांतील प्रमाण आम्ल बदलले तरी बदलत नाही. १७९२ ते १७९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रिश्टरने या मोजणीच्या शास्त्राला ‘स्टॉइकिओमेट्री’, म्हणजे मूलतत्त्वांचे मापन, असे नाव दिले. त्याची मांडणी किचकट होती. परंतु एर्न्स्ट गोटफ्रीड फिशर याने १८०२ मध्ये त्याचे सर्व आकडे एकाच तक्त्यात आणले आणि त्यासाठी गंधकाम्लाचे १००० भाग हा आधार धरला. या तक्त्याप्रमाणे सोड्याचे ८५९ किंवा चुन्याचे ७९३ भाग गंधकाम्लाच्या १००० भागांना पुरतात, आणि तेच ८५९ किंवा ७९३ भाग नायट्रिक आम्लाच्या १४०५ भागांनाही पुरतात. आजच्या कसोटीवर हे आकडे बरेच चुकीचे असले, तरी तक्त्यामागील कल्पना अचूक होती, आणि तिच्यात अणूचा उल्लेख कोठेही नव्हता.

अणू या हिशेबात आणला तो मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे व ठरावीक वजनाचे असतात आणि ते पूर्ण संख्येतच जोडले जातात, असे मानले, की संयोगाची वजने ठरावीक प्रमाणात का असतात याचा उलगडा होतो. डाल्टनने सापेक्ष अणुभारांचा पहिला तक्ता १८०३ मध्ये आपल्या टिपणवहीत मांडला आणि १८०८ च्या ग्रंथात सर्वांत हलक्या हायड्रोजनला १ मानून त्याची सुधारित आवृत्ती दिली. तीत ऑक्सिजनचा अणुभार ७ होता. तो पुढे १६ कसा झाला, याचे उत्तर केवळ तराजूच्या सुधारणेत नाही. पाण्यात हायड्रोजनच्या एका भागास ऑक्सिजनचे सुमारे आठ भाग असतात, हे वजन अचूक मिळाले तरी अणुभार त्यातून आपोआप निघत नाही. पाण्याच्या रेणूत दोहोंचा एकेक अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणुभार ८ येतो. हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक असेल, तर १६ येतो. आणि हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचे दोन असतील, तर ४ येतो. डाल्टनपाशी निवड करण्याचे साधन नव्हते, म्हणून दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर त्यात एकास एक अणू मानावा, असा सोपेपणाचा नियम त्याने घालून घेतला. पाण्याच्या बाबतीत हा नियम चुकला आणि त्यावर उभारलेले इतर अनेक आकडेही त्याबरोबर चुकले.

हे साधन वास्तविक लवकरच हाती आले होते. वायू एकमेकांशी सोप्या आकारमान-प्रमाणात संयोग पावतात, हे गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवले. हायड्रोजनची दोन आणि ऑक्सिजनचे एक आकारमान मिळून वाफेची दोन आकारमाने होतात. इटलीतील आमेदेओ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये असे मांडले, की समान तापमानात व दाबाखाली सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि वाफेचा हिशेब जुळण्यासाठी ऑक्सिजनच्या एका रेणूचे दोन भाग होत असले पाहिजेत. डाल्टनला हे मान्य नव्हते. स्टॉकहोमचा यन्स याकोब बर्झेलियस हा त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनज्ञ. परंतु त्याच्या विद्युत्-रासायनिक उपपत्तीत विरुद्ध भाराचे अणूच एकमेकांकडे ओढले जात असल्याने, एकाच मूलद्रव्याचे दोन अणू जोडीने राहतात ही कल्पना तिच्यात बसत नव्हती. ॲव्होगॅड्रोचा विचार बाजूला पडला तो मुख्यतः यामुळे.

बर्झेलियसने स्वतः मात्र जे काम केले, ते प्रचंड होते. सुमारे दोन हजार संयुगांचे पृथक्करण करून त्याने १८१४, १८१८ आणि १८२६ मध्ये अणुभारांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्याने हायड्रोजनऐवजी ऑक्सिजनला १०० मानले, कारण बहुतेक मूलद्रव्ये ऑक्सिजनशी संयोग पावत असल्याने त्याचे प्रयोग मुख्यतः ऑक्साइडांवर झाले होते, आणि ज्याच्याशी प्रत्यक्ष तुलना होते त्यालाच आधार मानणे सोयीचे होते. पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे त्याने बरोबर धरले. मात्र सोडियम आणि चांदी यांच्या ऑक्साइडांत धातूचा एकच अणू मानल्याने या धातूंचे अणुभार दुप्पट आले. लंडनच्या विल्यम हाइड वुलास्टनने अणूंच्या संख्येचा हा तर्क टाळून केवळ सममूल्यभार, म्हणजे संयोगात एकमेकांची जागा घेणारी वजने, वापरावीत असे सुचवले आणि १८१४ मध्ये त्यासाठी सरकपट्टीच तयार केली. तिच्या मधल्या सरकत्या पट्टीवर १० ते ३२० हे आकडे लघुगणकीय अंतराने कोरलेले असत व दोन्ही कडांना पदार्थांची नावे असत. मिठाच्या नावासमोर १०० आणले, की तितक्या मिठातून चांदीचे किती क्लोराइड मिळेल आणि त्यासाठी चांदीचा क्षार किती घ्यावा, हे गणित न करता वाचता येई. इथेही ऑक्सिजन हाच आधार होता, मात्र १० या आकड्याने.

अशा रीतीने कोणी हायड्रोजन १ धरी, कोणी ऑक्सिजन १०, तर कोणी १००. याहून मोठा घोटाळा असा, की कोणी कार्बन ६ व ऑक्सिजन ८ मानी, तर कोणी १२ व १६. प्रयोगाचे आकडे सर्वांचे सारखे असूनही रेणुसूत्रे वेगळी पडत. आउगुस्ट केकुलेने १८६१ च्या पाठ्यपुस्तकात केवळ ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाची, प्रचारात असलेली एकोणीस सूत्रे दिली आहेत. हा गोंधळ मिटवण्यासाठी केकुले, पॅरिसचा वुर्ट्‌झ आणि कार्लस्रूअचा वेल्ट्‌झीन यांनी युरोपातील रसायनज्ञांना बोलावले, आणि ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत कार्लस्रूअ येथे या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मतदानाने कोणताही बंधनकारक निर्णय झाला नाही. परंतु शेवटी इटलीच्या स्तानिस्लाओ कानित्सारोची एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली, आणि प्रत्यक्ष फरक पाडला तो तिने.

कानित्सारोची पद्धत अशी होती. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू असल्याने त्याचा रेणुभार २ मानावा आणि वायूची घनता हायड्रोजनच्या किती पट आहे ते पाहून त्याचा रेणुभार काढावा. नंतर एकाच मूलद्रव्याची अनेक संयुगे घेऊन प्रत्येकाच्या रेणुभारात त्या मूलद्रव्याचा वाटा किती हे पृथक्करणाने ठरवावे. मिथेनचा रेणुभार १६ असून त्यात कार्बनचा वाटा १२ येतो, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १२, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये १२, एथिलीनच्या २८ मध्ये २४ आणि ईथरच्या ७४ मध्ये ४८. वाटा कोठेही १२ पेक्षा कमी होत नाही आणि नेहमी १२ च्या पटीतच असतो, म्हणून कार्बनचा अणुभार १२. ६ मानण्यास आधारच उरत नाही. ॲव्होगॅड्रोच्या विस्मृत गृहीतकाला अशी मान्यता मिळाली, ती त्याच्या निधनानंतर चार वर्षांनी. परिषदेस हजर असलेल्या लोथार मायर आणि दिमित्री मेंडेलेव्ह या दोघांनीही मूलद्रव्यांच्या वर्गीकरणासाठी हेच सुधारलेले अणुभार वापरले, आणि मेंडेलेव्हची १८६९ ची आवर्त सारणी त्यांच्यावरच उभी राहिली.

सूत्रांचा प्रश्न सुटल्यावर एककाचा प्रश्न नव्याने पुढे आला. हायड्रोजन १ मानले, तर ऑक्सिजनचा अणुभार प्रयोगाने ठरवावा लागतो; तो काही काळ १५.९६ समजला जाई, आणि १८९५ मध्ये एडवर्ड मॉर्ली या अमेरिकी संशोधकाने तो १५.८८ च्या जवळ असल्याचे दाखवले. इतर बहुतेक अणुभार ऑक्सिजनच्या मार्गाने काढलेले असल्याने या एका दुरुस्तीने सगळा तक्ता हलतो, आणि युरेनियमसारख्या जड मूलद्रव्याच्या आकड्यात तर एकाहून अधिक अंकाची घट होते. हे टाळण्यासाठी जर्मन केमिकल सोसायटीच्या समितीने १८९८ मध्ये ऑक्सिजन नेमका १६ मानण्याची शिफारस केली, आणि पुढे आंतरराष्ट्रीय समितीतही तोच आधार रूढ झाला. मग हायड्रोजनचा अणुभार १.००८ झाला.

दरम्यान, क्लोरीनचा ३५.५ हा आकडा कोणाच्याही चौकटीत बसत नव्हता. सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत, असे विल्यम प्राउटने १८१५ मध्ये सुचवले होते. बेल्जियमच्या झाँ सर्व्हे स्टासने अतिशय काळजीपूर्वक केलेल्या तोलमापाने ते खोडून काढले. कारण उमगले ते विसाव्या शतकात. एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वस्तुमानांचे अणू, म्हणजे समस्थानिक, असतात असे फ्रेडरिक सॉडीने १९१३ मध्ये मांडले, आणि फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ पासून वस्तुमान-वर्णपटलेखकाने ते वेगळे करून दाखवले : क्लोरीनमध्ये ३५ व ३७ वस्तुमानांकांचे अणू मिसळलेले असतात आणि ३५.५ ही त्यांची सरासरी आहे. १९२९ मध्ये ऑक्सिजनचेही आणखी दोन समस्थानिक सापडले, तेव्हा एककाचाच पाया दुभंगला. भौतिकीविदांनी ऑक्सिजन-१६ या एका समस्थानिकाला १६ मानले, रसायनज्ञांनी नैसर्गिक मिश्रणाला. परिणामी एकाच अणूला दोन आकडे मिळू लागले. ऑक्सिजन-१६ स्वीकारला असता, तर रसायनज्ञांचे सगळे आकडे लाखात सुमारे २७ ने बदलले असते. कार्बन-१२ ला नेमके १२ मानले, तर हा बदल लाखात सुमारे चारच होत होता. म्हणून १९६१ मध्ये दोन्ही शास्त्रांनी कार्बन-१२ वर तडजोड केली.

अणुभार हे केवळ गुणोत्तर आहे. प्रयोगशाळेत मात्र ग्रॅममध्ये तोलावे लागते. रेणुभाराइतके ग्रॅम घेतले, की प्रत्येक पदार्थाच्या त्या राशीत रेणूंची संख्या समान असते. या राशीस विल्हेल्म ऑस्टवाल्डने १८९० च्या दशकात ‘मोल’ हे नाव रूढ केले. २ ग्रॅम हायड्रोजन हा एक मोल, १६ ग्रॅम ऑक्सिजन हा अर्धा मोल. दोन्ही संयोग पावून १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल, पाणी होते, आणि रासायनिक समीकरणातील गुणांक याच मोलांची संख्या सांगतात. स्वतः ऑस्टवाल्डचा त्या काळी अणूंच्या अस्तित्वावर विश्वास नव्हता. त्याच्या दृष्टीने मोल ही निव्वळ वजनाची राशी होती. त्या राशीतील कण मोजले झाँ पेऱ्यांने. गॅम्बोज या पिवळ्या राळेचे एकसारखे सूक्ष्म कण पाण्यात सोडून, उंचीनुसार ते किती विरळ होत जातात हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, त्यावरून एका मोलमधील रेणूंची संख्या काढली, आणि १९०९ मध्ये तिला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. त्याच सुमारास ऑस्टवाल्डनेही अणू मान्य केला.

१९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत सातवे मूलभूत एकक म्हणून दाखल झाला. १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण, ही त्याची व्याख्या होती. २० मे २०१९ पासून व्याख्येची दिशा उलटली : ६०२२१४०७६ आणि त्यापुढे पंधरा शून्ये एवढे कण म्हणजे एक मोल, असे ठरवून टाकण्यात आले. या संख्येसाठी जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चे, सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे गोळे घासून त्यांचा व्यास आणि त्यांच्यातील अणूंमधील अंतर मोजण्यात आले होते. आता संख्या नेमकी आहे आणि एका मोल कार्बन-१२ चे १२ ग्रॅम हे वजन मात्र मोजून ठरवायचे आहे. समस्थानिकांचे मिश्रण उगमाप्रमाणे बदलत असल्याने २००९ च्या तक्त्यापासून हायड्रोजन, कार्बन, क्लोरीन अशा दहा मूलद्रव्यांचे अणुभार एका आकड्याऐवजी मर्यादांच्या जोडीने दिले जाऊ लागले. क्लोरीनच्या मर्यादा ३५.४४६ आणि ३५.४५७ या आहेत.

या दोनशे वर्षांच्या इतिहासात रसायनज्ञांचे वर्तन दोन तऱ्हांचे दिसते. जेथे प्रश्न निसर्गाचा होता, जसे की पाण्यात हायड्रोजनचे अणू किती किंवा चांदीचा अणुभार दुप्पट का आला, तेथे पुरावा एकदा पटल्यावर त्यांनी जुनी सूत्रे मोडून संपूर्ण तक्ता नव्याने लिहिला. जेथे प्रश्न केवळ एककाचा होता, तेथे १८९८, १९६१ आणि २०१९ या तिन्ही वेळी नवा आधार असाच निवडला, की आधीच्या पिढीने तोलून ठेवलेले आकडे शक्य तितके जसेच्या तसे वापरता यावेत. शाळेच्या पुस्तकातील १६ आणि ३५.५ हे आकडे अजून चालतात, ते या दुसऱ्या सवयीमुळे.