उडत्या चालीचा खान्देश

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दिवसभर जुने कागद चाळायचे आणि रात्री नात्यातल्या कुणाच्या तरी हळदीत बँजोच्या तालावर नाचायचे, असे माझे कितीतरी उन्हाळे गेले. दिवसा काय वाचले ते मी चारचौघांत सांगत असे. रात्री कशावर नाचलो ते सांगत नसे. विचारलेच तर ‘आपण नाट्यसंगीतवाले’ हे उत्तर तयार असायचे. आवडते, पण आवडते म्हणायची लाज वाटते, अशा गाण्यांची ही लाज आली कुठून, याचा शोध घ्यावा असे पन्नाशी उलटल्यावर वाटू लागले.

या लाजेला एकदा सरकारी शिक्काही मिळाला होता. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झाले. श्रोत्यांनी मात्र रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर १९५७ साली आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. लोकांची आवड हुकमाने बदलत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

खान्देशात या लाजेला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी, म्हणजेच अहिराणी, मराठीच्या खंडात नसून भिल्ल भाषांच्या सोबत आहे. कागदावर तिला वेगळे घर मिळाले. शाळेत मात्र ती ‘अशुद्ध मराठी’च राहिली. ‘माझा’ऐवजी ‘मना’ म्हटले म्हणून मी वर्गात हातावर छडी खाल्लेली आहे. त्यामुळे अहिराणी गाणे आवडणे हा आमच्या पिढीला दुहेरी गुन्हा वाटे: एक तर चाल उडती, त्यात बोली गावंढळ.

वास्तविक उडती चाल आमच्याकडे कॅसेटबरोबर आलेली नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गात, लग्नात विहिणीला टोमणे मारणारी गाणी रंगत, श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी रात्र जागे. यात्रेत तगतराव निघे. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात पावरी वाजे. तिच्या चाली पुढे बँडवाल्यांनी उचलल्या आणि आता त्या की-बोर्डवर वाजतात. या गाण्यांची घडण पाहावी. चार-पाच स्वरांत फिरणारी चाल, दर दोन ओळींनी परतणारे धृपद, आणि नावे बदलून कितीही लांबवता येईल असे कडवे. ज्याला आपण आज ‘डोक्यात बसणारे गाणे’ म्हणतो, त्याची सगळी लक्षणे इथे आहेत. समूहाला न शिकवता गाता यावे, म्हणूनच ती तशी घडली.

पूर्व खान्देशातले उदाहरण तर सर्वांच्या ओळखीचे. असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गाणी लेवा गणबोलीतली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ती महाराष्ट्रभर पोचली. लग्नातल्या गाण्यांना बहिणाबाईंच्या रांगेत बसवावे असे मी म्हणत नाही. पण बोलीतले गाणे कुणीतरी उतरवून घेतले म्हणून टिकले, एवढे त्यातून दिसते.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. तबकडीच्या काळात काय छापायचे ते मोठी कंपनी ठरवी. कॅसेट काढायला थोडे भांडवल पुरे; थोडक्या गिऱ्हाइकांवरही खर्च निघे. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ साली अख्खे पुस्तक लिहिले. आमच्याकडे आनंद शिंदे यांची लोकगीते त्याच लाटेवर घराघरांत शिरली. बसस्टँडवरच्या टपरीत आणि आठवडे बाजारात अहिराणी कॅसेटही दिसू लागल्या. मग सीडी आली, मग मोबाइल. आता ‘हाई झुमकावाली पोर’ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहे, आणि ‘हाई’ म्हणजे ‘ही’ हे ठाऊक नसलेली मंडळीही त्यावर नाचतात.

एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्यामुळेच ती आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले होते. उडत्या गाण्याचे निम्मे यश त्यात आहे. उरलेले निम्मे मला मांडवात दिसते: त्या चालीला आत्याची हळद, मामाचा नाच, गेलेल्या माणसांचे हसणे चिकटलेले असते. या गाण्यांतली सगळीच चांगली नसतात. पुष्कळशी मुलीच्या रूपापलीकडे जात नाहीत, चाली उसन्या असतात, आणि डीजेच्या भिंतीपुढे शब्द ऐकूही येत नाहीत.

मला खरी काळजी निराळीच आहे. जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. अनेकजण नोंद करताना ‘मराठी’ सांगत असतील, हे खरे. पण तसे सांगावेसे वाटणे हीसुद्धा ती जुनी छडीच. माझ्याच घरात भाचा अहिराणी गाणे तोंडपाठ म्हणतो आणि आजीला उत्तर प्रमाण मराठीत देतो. गाणे भाषा वाचवेल, असा भाबडा विश्वास मला नाही. पण भाषेची लाज थोडी कमी करते, हे मी मांडवात पाहिले आहे.

डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला, डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ नियतकालिक चालवले. कॅसेटींकडे मात्र आपण कागदपत्रे म्हणून पाहिलेच नाही. चुंबकीय फीत बुरशीने आणि उकाड्याने मरते, आणि जळगावचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. माझ्याजवळ बुटाच्या दोन खोक्यांत मिळून एक्केचाळीस अहिराणी कॅसेट आहेत. त्यांपैकी बऱ्याच वेष्टनांवर गायकाचे नाव आहे, गीतकाराचे नाही. वाचकांच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत त्या भंगारात देऊ नयेत. गाणे कुणी लिहिले, कुणाच्या लग्नात वाजले, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. माझ्या एक्केचाळीसपैकी नऊंवर ते लिहून झाले आहे.