कापसाची वंशावळ : शब्दाची साक्ष व बीजाची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याच्या परिसरात काळ्या जमिनीत वाढणाऱ्या पिकास शेतकरी ‘कापूस’ म्हणतो. शब्दाचे कूळ स्पष्ट आहे : संस्कृत ‘कर्पास’, प्राकृत ‘कप्पास’, मराठी ‘कापूस’. परंतु शब्द अखंड राहिला म्हणून पीकही तेच राहिले, असे मानता येत नाही. मराठवाड्याचा जुना गावरानी कापूस गॉसिपियम आर्बोरियम ह्या जातीचा. त्याची गुणसूत्रे २६. आज बहुतेक शेतांत दिसणारा कापूस मूळच्या अमेरिकेतील गॉसिपियम हिर्सुटम जातीचा. त्याची गुणसूत्रे ५२. ह्या दोहोंचे नाते काय, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा तसाच इतिहासाचाही आहे.

१९३४ मध्ये स्कोव्हस्टेड ह्यांनी दाखविले की, ह्या ५२ पैकी २६ गुणसूत्रे आशियाई कापसासारखी मोठी, तर उरलेली अमेरिकेतील रानकापसासारखी लहान आहेत. मग हा आशियाई अर्धा भाग पॅसिफिकपार गेला कसा? इंदूर येथे काही वर्षे संशोधन केलेले हचिन्सन व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी १९४७ च्या ग्रंथात असे सुचविले की, तो मनुष्यानेच नेला असावा. अनुमान मोठे मोहक होते. एका पिकाच्या आधारे दोन खंडांच्या प्राचीन संपर्काचा इतिहास उभा राहत होता.

१९८९ मध्ये वेंडेल ह्यांनी निराळी साक्ष काढली. कापसात हरितलवकातील डीएनए मातेकडूनच येतो. विशिष्ट जागी तो छेदणारी विकरे वापरून मिळालेल्या तुकड्यांची तुलना करता अमेरिकन कापसाचे मातृकुल जुन्या जगातील ठरले. अर्थात गावरानी ही त्याची माता नव्हे. मातेच्या कुळातील ती एक होय. हा संकर आता सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. तेव्हा मनुष्याच्या नौकांचा प्रश्नच उरत नाही.

भाषाभ्यासकास येथील अडचण ओळखीची वाटेल. दोन भाषांतील समान शब्द वारशाचा की उसना, हे एका शब्दावरून ठरत नाही. हरितलवकाची साक्षही मातृपक्षापुरतीच. पितृपक्षासाठी केंद्रकातील डीएनए तपासावा लागतो.

तुलनेस मात्र बी हवे. १९७० मध्ये सुरत येथे सिद्ध झालेला ‘संकर-४’ आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस ह्यांनंतर गावरानीचे क्षेत्र फार आकसले. पाने वळविणाऱ्या विषाणूस दाद न देणारी ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने संशोधनात टिकविली आहे. पण गावोगावी उरलेली सरकी गोळा करावयाची, तर पुडीवर गावाचे नाव आणि तेथील लोक तिला काय म्हणतात तो शब्द, दोन्ही लिहून ठेवले पाहिजेत.